चिचुंद्रीच्या पायाची दुसरी चिठ्ठी

नाना, तुमच्या दहाव्याला कावळा पहिल्या हाकेला आला. प्रवरेच्या काठी पिंड ठेवून तुमचे धाकटे भाऊ नीट मागेही सरले नव्हते, तोवर तो उतरला, शिवला आणि गेलासुद्धा. सगळ्यांना हायसं वाटलं. "मनात काय म्हनून राहिलं न्हाई बघा," कोणीतरी म्हणालं. "समाधानी मानूस."

साफ खोटं. राहिलं होतं. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. कावळ्यावर माझा विश्वास नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना. मी तिथे ओल्या दगडावर उभी राहून चप्पल घालत होते, काढत होते. नानी म्हणाल्या, "बस की गं जरा." बसवत नव्हतं. अजून बसवत नाही. हेसुद्धा निम्मं उभ्याने लिहिते आहे.

काय राहिलं होतं, ते इथे उघड लिहिते. चार ओळींची चिठ्ठी. गेल्या हंगामात मी काढलेल्या पत्रकात एक चूक होती, ती चूक कबूल करणाऱ्या चार ओळी. तुम्ही मागितल्या, मी दिल्या नाहीत. गडगंज माणसांना जाब विचारत तालुकाभर हिंडणारी मी, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका निवृत्त परिचराने जाब विचारला तर चहा न पिता उठून गेले.

आपली ओळखही एका चुकीनेच झाली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला. प्राणीशास्त्राचं प्रॅक्टिकल. सर ट्रे मांडायला सांगून चहाला गेलेले आणि तुम्ही खाकी शर्टात, दाराला टेकून उभे. ट्रेमध्ये पाच कवट्या.

"ह्यातला उंदीर कंचा?" तुम्ही विचारलंत.

मी लांब दातवाली कवटी उचलली.

"खार हाय ती. दात सगळेच दाखवत्यात. दाढा मोज." मग हात पुसून जवळ आलात आणि टाचणीने दाखवलंत. "उंदराच्या भावकीत एका बाजूला तीन दाढा. खारीला त्यांच्या आधी आनखी असत्यात. कुरतडनारे म्हनून दोघं एका गावचे, पर भावकी येगळी. काटेवाला साळू बी त्याच गावचा, त्याची तिसरी भावकी."

सर परत आले तेव्हा तुम्ही पुन्हा दाराशी. सरांनी शिकवलेलं मला आज आठवत नाही.

तुमच्या नगरच्या दोन खोल्यांच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नानींनी कपाट उघडून दाखवलं, कपाळाला हात लावून. "बायका साडीचं कपाट दाखवत्यात. आमच्यात हे." श्रीखंडाचे रिकामे डबे, एकावर एक, झाकणांवर तुमचं अक्षर. कापूस भरलेली कातडी, कवट्या, प्रत्येकाच्या मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. उंदीर म्हणजे उंदीर, एवढंच मला ठाऊक. तुम्ही एकेक डबा उघडत गेलात. घरच्या वाशावरून पळणारा काळा, शेपटी अंगाहून लांब. उसाच्या बुडाला पोखरणारी शेतातली घूस, शेपटी अंगाहून आखूड, बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग करणारी. गटारातली मोठी घूस. मऊ केसांचा, मागच्या तळपायाला गाद्या कमी असलेला. अंगठ्याएवढी शेतातली उंदरी. तिचीच बहीण, पण पाठीवर काट्यासारखे केस. झुडपात घरटं करणारा, पुढच्या दातांवर उभी खोबण. आणि अकोले तालुक्यातल्या झाडांवर चढणारी एक नाजूक, नुसती शेपटीच शेपटी.

"हे सगळे आपल्या जिल्ह्यातले?"

"मंग काय विलायतेहून आनले? लहानपनी भाताच्या खाचरात बिळं खोदायचो आमी, त्यांनी साठवलेल्या लोंब्या काढायला. घरी भात कमी, बिळात जास्ती. तवाच कळलं, परत्येकाचं बीळ येगळं, रीत येगळी. नावं मातर लई उशिरा कळली."

एका डब्यातल्या उंदराच्या पायाला दोन चिठ्ठ्या होत्या. लांब उड्या मारणारा हरणा उंदीर, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. मी विचारलं, दोन का? तुम्ही म्हणालात, जुन्या पुस्तकात ह्याला दुसऱ्या कुळात घातला होता, नव्यात तो उंदरांच्या कुळात आला. म्हणून नवी चिठ्ठी.

"मग जुनी काढून टाका ना."

"न्हाई. जुनी फाडायची न्हाई कधी. तिच्या वरतून नवी बांधायची. आधी काय समजत हुतो, तेबी दिसलं पायजे. न्हाईतर मागून येनाऱ्याला वाटायचं, आमी जन्मल्यापासून शहाने."

मला तेव्हा गंमत वाटली होती. बस, गंमत.

चिठ्ठीवर खाली दोन रेघा असायच्या. 'पकडला कोणी' आणि 'ओळखला कोणी'. तुमच्या घरच्या डब्यांतल्या चिठ्ठ्यांवर दुसरी रेघ बहुतेक कोरीच. कॉलेजच्या संग्रहात गेले तर तिथे त्या रेघेवर एकाही ठिकाणी तुमचं नाव नाही. सगळीकडे कुठल्या ना कुठल्या सरांचं. पकडलं तुम्ही, सोललं तुम्ही, भरलं तुम्ही, नाव सांगितलं तुम्ही, आणि ओळखलं म्हणे सरांनी! मी पेटले. त्याच दुपारी पत्रकाचा मसुदा लिहून आणला: 'परिचराच्या ज्ञानाची चोरी थांबवा!'

तुम्ही वाचलंत, घडी केलीत, शर्टाच्या खिशात ठेवलीत. "अक्षर चांगलं हाय."

"नाना, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो. पर नाव उंदराचं बरोबर लागलं का, ते आधी. माझं मागून." मग हसलात. "पत्रकवाली, माझ्यावर पत्रक काढू नको. कारखान्यावर काढ."

तेव्हापासून मी तुमची पत्रकवाली. आणि कारखान्यावर काढलंच मी. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेले, त्यावरून तुम्ही महिनाभर धड बोलला नाहीत, ते भांडणही अर्धंच राहिलं आहे. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. जिल्ह्यात जिथे जिथे ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांचा तळ पडतो तिथलं नाव घाला, बसेल.

गेल्या हंगामात अशाच एका तळावर सखूबाईच्या तान्ह्या पोरीचा कान उंदराने कुरतडला. सखूबाई माझ्याच गावाकडची. पहाटे उसाच्या फडात जाताना पोरीला सासूजवळ ठेवून जायची. सासूचा डोळा लागला. पोर रडली तेव्हा कानाची पाळी गेलेली. मी पोचले तेव्हा पोर दवाखान्यातून आणलेली, डोक्याला पट्टी, आणि सखूबाई दुपारच्या पाळीला जायला कोयता शोधत होती. मीसुद्धा अशाच कोपीत वाढले आहे, नाना. माझ्या कानाला काही झालं नाही, हा नशिबाचा भाग.

कोपीमागे एक मेलेला उंदीर पडला होता. मी मोबाईलवर फोटो काढला आणि ठळक अक्षरांत छापला: 'लेकरांचे कान कुरतडणारा हाच तो उंदीर! विष टाका, तळ वाचवा!' मोर्चा काढला. पत्रक तळातळावर गेलं, मोबाईलच्या गटांतून त्याहून पुढे गेलं. आणि कारखान्याने, जो कधी साधा नळ देत नाही त्याने, दोन दिवसांत विषाच्या पुड्या पाठवल्या. आम्ही गुलाल उधळला.

तो मेलेला प्राणी मी कागदात गुंडाळून तुमच्याकडे आणला होता. कौतुकाने. तुम्ही चष्मा लावलात, सोंड उलटीसुलटी केलीत, वास घेतलात आणि पत्रकाकडे बघितलंत.

"ही चिचुंदरी हाय."

"म्हणजे उंदराचाच प्रकार ना?"

"न्हाई. हिच्या तोंडात बघ. पुढचे दात अन् दाढा, मधी उंदरागत मोकळी जागा हाय का? न्हाई. सगळे टोकदार. किडं, झुरळं खाती ही. ही भावकीतली सोड, त्या गावचीच न्हाई. दिसती उंदरासारखी, म्हनून मार खाती."

मी म्हणाले, "नाना, चावल्या लेकराला काय फरक पडतो?"

हे वाक्य मी फार जोरात म्हणाले होते. मला स्वतःचं वाक्य आवडलं होतं. पुढच्या सभेत वापरायचं, असंही मनात आलं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "लेकराला न्हाई पडत. चावनाऱ्याला पडतो. त्यो सुटला ना."

आणि मग, जरा चिडूनच: "तू मुकादम येगळा लिहितीस, चेअरमन येगळा, शेतकरी येगळा. समद्यांना 'मालक' म्हनलं की तुझा जीव जातो. म्हनतीस, दोष ज्याचा त्याच्यावर ठेवा. मंग उंदरालाच एवढं ढोबळ का?"

उत्तर येत नसलं की मी आवाज वाढवते, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही वाढवू दिलात.

चौथ्या दिवशी त्याच तळावर दुसऱ्या लेकराच्या अंगठ्याला चावा बसला. विष टाकूनसुद्धा. तुमचा फोन: "किती दिवस झाले पुड्या टाकून? बिळात टाकल्या का? जखमेत दोन दात शेजारी शेजारी दिसत्यात का?" आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीने हजर, खांद्याला पिशवी, पिशवीत पिंजरा आणि टेप. वय बघायचं ना, नाना. दम लागत होता, आणि तुम्ही बांधावर वाकून बिळं बुजवत होतात.

संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवायची. सकाळी बघायची, कोणती पुन्हा उघडली. उघडली ती राहती, बाकी रिकामी. तळावरच्या बाया हसल्या. "बाबा, बिळं लिपायला आला व्हय? आमच्या कोप्या बी लिपा की!"

"लिपतो. तुमचा मुकादम माती देतो का बघा," तुम्ही म्हणालात.

सकाळी कोप्यांजवळचं एकही बीळ उघडलेलं नव्हतं. फडाकडच्या बांधावरची तेवढी उघडली होती, तोंडाशी ताजी माती घेऊन. म्हणजे विष पडलं होतं उसातल्या घुशींच्या दारात. त्यांचा आणि सखूबाईच्या पोरीचा कधी संबंधच आला नव्हता. कारखान्याचा ऊस राखायला आमच्या मोर्च्याचं विष! तिथे बांधावर एक घुबडही मरून पडलं होतं. मी ते पायाने बाजूला सारलं. तुम्ही बघितलंत.

मग तुम्ही खाली बघणं सोडून वर बघितलंत. पाचटाच्या छपराखालच्या बांबूवर तेलकट काळा पट्टा, रोजच्या येण्याजाण्याने उमटलेला. बाजरीची पोती त्याच बांबूला टांगलेली, आणि त्यांच्या बरोबर खाली लेकराची झोळी. तुम्ही पिंजरा बांबूला बांधलात, आत तेल लावलेला भाकरीचा तुकडा. दुसऱ्या सकाळी तो आत होता. काळसर, मोठ्या कानांचा, शेपटी अंगाच्या पुढे चांगली दोन बोटं.

"हा चावतो," तुम्ही सखूबाईला दाखवलंत. "ह्यो बिळात ऱ्हात न्हाई, तुमच्या डोक्यावर ऱ्हातो. दान्याला येतो. लेकराच्या तोंडाला दुधाचा वास येतो, म्हनून लेकराला तोंड लावतो. लेकराचं तोंड पुसून निजवा. झोळी पोत्याखालून हलवा. अन् दाना झाकनाच्या पत्र्याच्या कोठीत पायजे, टांगून उपेग न्हाई."

"कोठी कोन देनार, बाबा?"

तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "ही मागंल."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. कारखान्याने विष लगेच का दिलं, ते कळलं. विष सोपं असतं. पत्र्याच्या कोठ्या, पक्क्या खोल्या, लेकरं सांभाळायला पाळणाघर, हे अवघड. मी चुकीचा प्राणी छापला, चुकीची मागणी केली, आणि ते हसत हसत मान्य करून मोकळे झाले. आता ते म्हणणार, तुम्ही मागितलं ते दिलं की!

आणि चिचुंद्र्या. लोकांनी पत्रकातला फोटो बघून बघून कोपीकोपीतून मारल्या. झुरळं खाणाऱ्या, भिंतीकडेने चिकचिक करत जाणाऱ्या, कुणाच्या अध्यात नसलेल्या. माझ्या सांगण्यावरून.

परतताना एसटीत तुम्ही म्हणालात, "चार ओळी छाप. चित्र चुकलं, मागनी चुकली, बरोबर हे हे. पत्रकाला जोडून वाट."

मी म्हणाले, "चळवळीत चूक छापत नाहीत, नाना. समोरचे तेच धरून बसतात."

"मंग चुकीचं काय करत्यात?"

"नवीन पत्रक काढतात. कोठ्यांचं."

"अन् जुनं?"

"जुनं विसरतात लोक."

घरी आल्यावर नानींनी चहा टाकला. तुम्ही पुन्हा विषय काढलात, मी म्हणाले, "तुमचं नाव आयुष्यभर दुसऱ्यांनी खाल्लं, तिथे तुम्ही चार ओळी मागितल्या नाहीत. माझ्याकडे बरं मागता." आणि उठले. चहा तसाच.

हे मी बोलायला नको होतं. हे वाक्य परत घ्यायला मी आले नाही. पावसाळा गेला. तुमचा एकदा फोन आला, आवाज बारीक झालेला. "पत्रकवाली, ते चार ओळींचं काय?" मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले, "बघू." एवढंच. 'बघू' हा तुम्हाला माझ्याकडून मिळालेला शेवटचा शब्द आहे. अधिकारी आम्हाला म्हणतात तो शब्द.

लोक विसरत नाहीत, नाना. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातून एका कार्यकर्त्याने मला फोटो पाठवला. नवा हंगाम, नवा तळ, आणि जमिनीवर ओळीने मांडलेल्या मेलेल्या चिचुंद्र्या. खाली लिहिलेलं: 'ताई, तुमच्या पत्रकाप्रमाणे मोहीम फत्ते.' मी तो फोटो पुसून टाकला. मग रात्रभर तळमळत राहिले, तो पुसला म्हणून.

दहाव्यानंतर नानींसोबत नगरला आले. त्यांनी कपाट उघडलं. कॉलेजवाले डबे न्यायला येणार आहेत म्हणे, आता त्यांना आठवण झाली. नानींनी एक डबा वेगळा काढून ठेवला होता. "हा तुझा. सांगून ठेवलं हुतं त्यांनी. म्हनले, ती आली तर दे, न आली तर पोचव."

आत कापसावर माझी चिचुंद्री. मी कागदात गुंडाळून आणलेली. कातडी नीट भरलेली, सोंड सरळ, कवटी शेजारी काचेच्या नळीत. मागच्या पायाला दोन चिठ्ठ्या. पहिली माझ्या पत्रकातून कापलेली: 'हाच तो उंदीर!' छापील, ठळक, माझ्या उद्गारचिन्हासकट. तिला भोक पाडून, दोरा घालून, व्यवस्थित गाठ मारलेली. तिच्यावर दुसरी, तुमची नेहमीची जाड कागदाची चिठ्ठी. तिच्यावर तळाचं गाव, महिना, शेपटीची लांबी. 'पकडला कोणी' वर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. प्राण्याच्या नावाची जागा कोरी. 'ओळखला कोणी' कोरी.

तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

काल चार ओळी छापल्या. जुनी पत्रकं जाळणार होते, जाळली नाहीत. जेवढी उरली त्या प्रत्येकावर नवी चिठ्ठी टाचली आणि सखूबाईच्या तळावर घेऊन गेले. मोठ्याने वाचून दाखवलं: मागच्या वर्षीच्या पत्रकातलं चित्र चुकलं होतं. ती चिचुंद्री, उंदीर नव्हे, तिला मारू नका. चावतो तो छपरातला काळा उंदीर, आणि त्यावर विष ही आमची मागणी चुकली. मागणी आहे पत्र्याच्या कोठीची, पक्क्या खोलीची, पाळणाघराची.

मला वाटलं होतं, आता हसतील, नाहीतर चिडतील. सखूबाई पोरीचं नाक पुसत म्हणाली, "अगं बाई, हे तर त्या बाबानं तवाच सांगितलं हुतं. आमी कवाच्या मारीत न्हाई. तुला कुनी सांगितलं न्हवतं व्हय?"

पोर आता चालते. कानाला अर्धी पाळी नाही. तिने चिठ्ठी तोंडात घातली.

शेजारच्या तालुक्यात उद्या जायचं आहे, मग पुढच्या. जिथे जिथे ते पत्रक पोचलं तिथे. मोबाईलवरही पत्रकातला तोच जुना फोटो पुन्हा टाकला, खाली चार ओळींसकट. समोरचे धरून बसले तर बसोत.

आणि डबा माझ्यासमोर उघडा आहे. नावाच्या जागी मी लिहिलं, चिचुंद्री. अक्षर वाकडं आलं, खोडलं नाही. खालच्या रेघेवर पेन जरा थांबलं, कारण तुम्ही हात धरला असतात. मग लिहिलंच.

ओळखली: किसन धोंडिबा, परिचर.

पहिली चिठ्ठी तिच्याखाली तशीच आहे, नाना. फाडली नाही.